पावडरी राहू देत, आधी नीट जेव

अगं, परवा पाठवलेला तुझ्या ओट्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. अश्वगंधा, गुळवेल, ज्येष्ठमध, शेवग्याच्या पाल्याची पावडर, शिवाय ते कसलंसं हिरवं मिश्रण. खाली लिहिलंयस, 'ताई, आता सगळं नॅचरल!' पण त्याच फोटोत कोपऱ्यात चहाचा कप आणि बिस्किटांचा पुडा दिसला, आणि मला राहवेना. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी मिळेल ते, रात्री बाहेरून मागवलेलं, आणि वर चमचाभर चूर्ण. असं नाही भागत गं.

रागावू नकोस. तुझी तक्रार थकव्याची आहे ना? जिना चढताना धाप, केसांचे पुंजके. मग आधी लोहाचा विचार कर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे यात तू एकटी नाहीस.

पहिलं काम फुकटातलं. जेवल्याबरोबर चहा घेतेस, तो बंद कर. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. तासाभरानं घे, कोण नको म्हणतंय? दुसरं, पोह्यांवरची लिंबाची फोड बाजूला सारू नकोस, चांगली पिळ. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीर नाखुशीनंच घेतं, त्याला 'क' जीवनसत्त्वाची सोबत लागते. मटकीला मोड आणून उसळ करतो त्यातही हेच साधतं. आणि आईची लोखंडी कढई माळ्यावर पडलीय, ती घेऊन जा. चिंच-गुळाची आमटी त्यात थोडी काळपट होते, कारण आंबटामुळे लोखंड उतरतं. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, एवढंच पथ्य.

अळीव तर तू विसरलीसच. बाळंतिणीचं खाणं म्हणून नाक मुरडू नकोस. चमचाभर अळीव नारळाच्या पाण्यात भिजव. थोड्या वेळात प्रत्येक तांबूस दाण्याभोवती बुळबुळीत पारदर्शक कवच येतं, आणि तळाशी बसलेला चमचाभर ऐवज फुगून वर येतो. दोनेक तासांनी त्यात ओला नारळ आणि गूळ घालून मंद आचेवर आटव, कडेनं सुटायला लागलं की जायफळ. थंडीत रोज एक लाडू पुरे. मात्र दिवस गेलेले असताना तो टाळतात, हेही लक्षात ठेव. नाचणीही तू अशीच विसरलीस. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. रात्री ताकात पीठ कालवून ठेव, सकाळी पाणी घालून शिजव, वरून जिऱ्याची पूड. ही आंबील पोटात गेली की अकरा वाजता बिस्किटांची आठवण होत नाही.

आता त्या पावडरींच्या बाटल्यांकडे वळू. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे तुला कुणी सांगितलं? पावसाळ्याच्या तोंडावर कर्जत-पालघरकडे आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या विकायला आणतात, तेव्हा सोबत काकडं देतात. ती आंबट फळं न घालता शेवळं शिजवली की घसा असा खाजतो की विचारू नकोस. अळूत चिंच पडते तीही त्याचसाठी. आपल्या आज्या झाडपाल्याला मानायच्या आणि जपूनही असायच्या. मानायचं आपण शिकलो, जपायचं विसरलो.

गुळवेलीचंच बघ. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की त्यांनी दुसरीच, तिच्यासारखी दिसणारी वेल घेतली असावी. तो वाद जाणकारांचा. पण बाटलीतल्या पुडीत कुठली वेल आहे, हे तू आणि मी कशावरून ओळखणार? ज्येष्ठमध रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो, तेव्हा आईला खोकल्यासाठी तो काढा आठवडेच्या आठवडे पाजू नकोस. अश्वगंधानं थायरॉईडची पातळी हलू शकते, आणि तुझी गोळी चालू आहे. तुझ्या डॉक्टरांना हे चूर्ण घेतेस म्हणून सांगितलंयस का? नसशील सांगितलं, मी ओळखते तुला. आणि हो, दुधीचा रस कधी काढलास तर आधी तुकडा चाखून बघ. कडू लागला तर अख्खा दुधी टाकून दे. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत.

मग घ्यायचं तरी काय? फोडणीतली हळद घे. तेल आणि मिऱ्यांबरोबर ती चांगली शोषली जाते, वेगळ्या कॅप्सूलची गरज नाही. पोट डब्ब झालं की ओवा, जेवणानंतर बडीशेप, उन्हाळ्यात कोकमाचं सार. शेवग्याचा पाला ताजा मिळाला तर कांदा-लसणावर परतून भाकरीबरोबर खा, पावडरीपेक्षा दहापट चविष्ट लागतो. गवती चहा तर ग्रिलमधल्या कुंडीतही माजतो. माझ्याकडचा ठोंब रविवारी देते. पाती कापताना बोटं सांभाळ, धार असते.

तर तो चहाचा कप जेवणापासून लांब ठेव, या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून घे आणि आकडा मला कळव. कमी आलं तर डॉक्टर देतील ती लोहाची गोळी निमूट घ्यायची, थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. लाडू मी पाठवतेच आहे, पण ते गोळीच्या जागी नाहीत.