घरात निघणारा कवड्या

पावसाळा लागला की वस्तीतून रात्री-अपरात्री हाक येते, "ताई, मण्यार निघाली!" आम्ही टॉर्च घेऊन जातो, तर बऱ्याचदा विटांच्या फटीत अंग चोरून बसलेला असतो कवड्या. हा साप बिनविषारी. पाली खायला घरात शिरतो आणि मण्यार समजून मार खातो.

त्याला नीट पाहून घ्या. लांबी साधारण दीड-दोन फूट, अंग बारीक. रंग तपकिरी, कधी काळपट. अंगावर पांढरट-पिवळसर आडवे पट्टे. पहिला पट्टा मानेजवळ, आणि पट्टे पुढे ठळक, शेपटीकडे पुसट होत जातात. पट्टा पाठीवर अरुंद, कुशीकडे फाकलेला. डोकं चपटं, डोळे काळेभोर, मण्यासारखे बाहेर आलेले. खडबडीत भिंत सरसर चढतो. डिवचला तर कडकडून चावतो, रक्तही येतं, पण विष नसतं.

मण्यारीचं बरोबर उलटं. निळसर काळी, चकचकीत. पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीने, मानेकडे पुसट नाहीतर नाहीतच, शेपटीकडे ठळक. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग. वाढलेली मण्यार तीन फुटांच्या वर जाते. पिल्लू असेल तर जाणत्यांचीही फसगत होते.

ही ओळख लांबून बघायची. चावल्यावर नाही! आम्ही नोकरीत असताना रात्रपाळीला एक पोरगा आला. घरचे म्हणाले, "कवड्याच होता, म्हणून सकाळपर्यंत थांबणार होतो." पोराचं पोट दुखत होतं, पापण्या मिटत होत्या. ती मण्यार होती. तिचा दंश मुंगी चावल्यासारखा, सूज जवळजवळ नाही; झोपेत कळतसुद्धा नाही. पुढे गिळता येत नाही, मग श्वास अडतो. तो पोरगा वेळेत आला म्हणून वाचला.

तेव्हा साप कोणताही वाटो, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, ब्लेड नको, करकचून दोरी नको, भगत तर नकोच. थेट सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते, त्यामुळे साप पकडून नेण्याची गरज नाही. आणि जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून घ्या. मण्यार रात्रीच फिरते.