एकटीने पुणे ते मांडू

प्रश्न : पुण्याहून एकटीच कारने वेरूळ, अजिंठा, इंदूर, मांडू करायचं आहे. पाच दिवस पुरतील?

उत्तर : पुरतील, पण आधी वार बघा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. वेरूळचं कैलास लेणं कळसाकडून पायाकडे कोरत आणलेलं आहे. त्याला सकाळचे दोन तास तरी द्याच. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून बसने जावं लागतं, तेव्हा सामान डिकीत ठेवा, सीटवर नको. तिथून इंदूर एका दमात गाठू नका. आलटून-पालटून चालवणारं कुणी सोबत नाही, म्हणून बुऱ्हाणपूरला मुक्काम करा. १६३१मध्ये मुमताजमहलचं निधन झालं ते याच गावी. शाही किल्ल्यातला हमाम अवश्य पाहा. इंदूरच्या सराफ्यात रात्री खायला रिक्षानेच जा.