पबमध्ये मुक्कामाला निघालीस, तर एवढं ऐकून जा

पोरी, इंग्लंडात खेड्यातल्या जुन्या पबमध्ये वरची खोली घेतलीस, हे फार छान केलंस. पब म्हणजे त्या गावाची ओसरी; मालकाचं बिऱ्हाडही पुष्कळदा तिथेच असतं. तेव्हा गिऱ्हाईक म्हणून नको, पाहुणी म्हणून जा.

१. टेबलाशी बसून वेटरची वाट बघू नकोस, उठून बारपाशी जा — बहुतेक ठिकाणी जेवणही तिथेच सांगायचं असतं. टेबलाचा नंबर आधी बघून ठेव, विचारतातच.

२. बारपाशी रांग दिसत नाही, पण असते — कोण कुणाच्या आधी आलं, हे आतल्या माणसाला बरोबर ठाऊक असतं. नोट नाचवू नकोस, हाक मारू नकोस, नुसती नजरानजर होऊ दे. हात हलला की घसा वाळला! आणि तुझ्या आधीचं कुणी राहिलं असेल, तर ‘आधी यांचं घ्या’ म्हण. गावात तुझं नाव होईल.

३. स्वयंपाकघराच्या वेळा निघण्याआधी फोनवर विचारून घे — बार रात्री अकरापर्यंत चालतो, पण चूल नऊच्या सुमारास विझते, आणि दुपारी अडीच-तीननंतर संध्याकाळपर्यंत पुष्कळदा काही मिळत नाही. रविवारी दुपारचा रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, हाच मोठा सोहळा, संध्याकाळी स्वयंपाकी घरी. पिशवीत चिवडा असू दे, पण तो खोलीतच खा.

४. किती वाजता पोचशील ते कळव — काही पब दुपारी कुलूप लावतात. रात्री परतायचं दार कुठलं, हेही उजेडीच विचारून ठेव.

५. एका मोठ्या बॅगेऐवजी दोन लहान घे — जिने अरुंद, लिफ्ट नाही, तुळया कपाळाशी. राय गावचं ‘मरमेड इन’ १४२० मध्ये पुन्हा उभारलं, तळघरं तर त्याहून जुनी. अशा घरात मान लववूनच चालायचं. लवली मान, राहिला मान.

६. लवकर झोपणारी असशील, तर मागच्या बाजूची खोली माग — खाली क्विझ किंवा गाणं असलं, तर सगळं वर ऐकू येतं.

७. शाकाहाराचं स्पष्ट विचार, त्यात संकोच कसला — बटाट्याचे चिप्स काही ठिकाणी, विशेषतः यॉर्कशायरात, गाईच्या चरबीत तळतात. रोस्टवरची ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते. आणि न्याहारीतलं ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्ताचं. न्याहारीचं तर आदल्या रात्रीच सांग. चीज, पाव आणि लोणच्यातला कांदा असलेला प्लाउमन्स लंच बहुधा चालेल. मात्र त्यात हॅम नाही ना, ते बघ.

८. दारू घेतलीच पाहिजे असं नाही, लाइम-सोडा मागितलास तरी कुणी नाक मुरडत नाही. घेणारच असशील, तर अर्ध्या पाइंटने सुरुवात कर — अख्खा पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो. पिंपातली एल, म्हणजे तिथली बिअर, फार गार नसते. ती तशीच, बारा अंशांच्या आसपास चांगली लागते, म्हणून परत करू नकोस.

९. कुणी तुझ्यासाठी पेला आणला, तर पुढचा सगळ्यांसाठी तू आण — पाळी चुकली की ओळख चुकते. आणि गाडी सकाळपर्यंत दाराशीच राहू दे, खोली त्यासाठीच घेतलीस ना?

१०. हिवाळ्यात माळावरच्या पबला जाताना औषधं दोन दिवस जास्तीची घे — बर्फ विचारून पडत नाही. यॉर्कशायरातलं टॅन हिल इन ५२८ मीटर उंचीवर आहे, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळात गाणी ऐकायला आलेली साठेक माणसं तिथे तीन रात्री अडकली. त्यांनी क्विझ खेळले, कॅराओके केलं, यजमानांनी त्यांना जेवू घातलं. मला ती हकिकत फार आवडते. पब कशासाठी असतो, ते त्यात सगळं आलं.

११. चिखलाचे बूट दारात काढ आणि बार बंद होण्याआधीची घंटा झाली की शेवटचं काय ते माग — ती घंटा घालवून देण्यासाठी नसते, आठवण म्हणून असते. उठताना रिकामे पेले बारवर नेऊन ठेव.

आणि हो, रात्रीचं जेवणही तिथेच घे, आणि पुढच्या वेळी खोली थेट पबला फोन करून घे. खेड्यापाड्यांतले असे पब दर वर्षी बंद पडतायत, आणि तुझ्यासारख्या एका पाहुणीच्या ताटाचाही त्यांना आधार होतो.