कॅप्सूलचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. औषधाच्या कॅप्सूललाही आपण डॉक्टर मंडळींनी वर्षानुवर्षे हाच न्याय लावला. आतले औषध कोणते आणि मात्रा किती एवढे पाहायचे. ते ज्या कवचात भरले आहे ते कशाचे, असे एखाद्या रुग्णाने विचारलेच, तर ‘त्याने काही बिघडत नाही’ म्हणून पुढच्याला हाक मारायची. आज जगात सुमारे दोनशे कोटी मुसलमान आहेत, आणि नेमक्या याच प्रश्नाभोवती मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे, कायदे झाले आहेत, इतकेच नव्हे तर लसीकरणाची मोहीमही अडखळली आहे. तेव्हा हा विषय आपल्याला परका मानून चालणार नाही.

‘हलाल’ म्हणजे धर्माने ग्राह्य ठरवलेले. त्याच्या उलट ‘हराम’. हा प्रश्न खाटकाच्या दुकानापुरता आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक मांस ओळखता येते. अवघड असतात ते प्राण्याच्या शरीरातून निघून निराळ्याच रूपाने परत येणारे घटक. पावाच्या पिठात घालायचे एल-सिस्टीन पिसांतून किंवा केसांतून काढता येते. चीजसाठी दूध साकळवणारे रेनेट परंपरेने वासराच्या जठरातून येते. आइस्क्रीममधील ई ४७१ हा घटक प्राण्यांच्या चरबीपासूनही होतो आणि पामतेलापासूनही. वेष्टनावरचा क्रमांक मात्र एकच. ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल, गोळी यंत्राला चिकटू नये म्हणून घातले जाणारे मॅग्नेशियम स्टिअरेट, साबण, ओठांना लावायचे रंग या सर्वांची हीच कथा. पामतेल पिकवणारे दोन मोठे देश, इंडोनेशिया आणि मलेशिया, हलालच्या व्यवहारातही अग्रभागी आहेत, हा काही निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

हे प्रकरण किती खोलवर जाऊ शकते, हे २००१ साली इंडोनेशियात दिसले. आजिनोमोटो म्हणून आपण ज्याला ओळखतो ते मोनोसोडियम ग्लुटामेट जिवाणूंच्या साहाय्याने, किण्वनाने तयार होते. तेथील कारखान्यात हे जिवाणू जोपासण्याच्या पोषक माध्यमात सोयाबीनपासून केलेला एक घटक वापरला जात होता. आणि तो सोया विघटित करण्यासाठी डुकराच्या स्वादुपिंडातील विकर वापरले गेले होते. म्हणजे पदार्थात डुकराचा अंश नव्हे, पदार्थ करणाऱ्या जिवाणूच्या अन्नाचे अन्न तयार करताना त्याचा स्पर्श! तेथील उलेमा परिषदेने हरकत घेतली. माल बाजारातून परत घ्यावा लागला, कंपनीच्या काही अधिकाऱ्यांना अटक झाली. स्वतः धर्मपंडित असलेले राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी पदार्थ हलाल असल्याचा निर्वाळा दिला, तरी परिषद आपल्या मतावर ठाम राहिली. अखेर कंपनीने माध्यम बदलले. आपल्याला रसायनशास्त्राने सवय लावली आहे ती अंतिम पदार्थात काय उरले, हे पाहण्याची. श्रद्धाळू ग्राहक विचारतो, तो पदार्थ कोणत्या वाटेने आला. हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देऊन भागत नाही.

आता कॅप्सूलकडे वळू. जिलेटिनच्या कॅप्सूलचे पहिले पेटंट १८३४ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. जिलेटिन म्हणजे कोलॅजेनचे पाण्यात विरघळणारे रूप. ते कातडीतून किंवा हाडांतून मिळते. जगाच्या उत्पादनात सर्वांत मोठा वाटा डुकराच्या कातडीचा आहे, कारण ती आम्लाच्या प्रक्रियेने लवकर साधते. भारतात मात्र हा उद्योग मुख्यतः हाडांवर उभा आहे. जबलपूर, वापी आणि केरळ येथे त्याचे जुने कारखाने आहेत. हाडांचे तुकडे हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवले की त्यांतील खनिज विरघळते आणि ऑसीन नावाचा लवचीक सांगाडा उरतो. विरघळलेल्या खनिजापासून कोंबड्यांच्या खाद्यासाठी डायकॅल्शियम फॉस्फेट करतात. ऑसीन कित्येक आठवडे चुन्याच्या निवळीत मुरवून, धुऊन, गरम पाण्यात त्याचा अर्क काढला की जिलेटिन तयार.

परंतु जनावर गुरांपैकी आहे, एवढ्याने जिलेटिन हलाल ठरत नाही. त्या जनावराची कत्तल विधिपूर्वक झालेली असावी लागते, आणि हाडे तर ठिकठिकाणाहून गोळा होऊन एकत्र येतात. प्रयोगशाळाही येथे फारशी कामाला येत नाही. आम्ल आणि उष्णता यांनी डीएनए इतका तुटतो, की जनावर कोणते हे सांगतानाही पीसीआर चाचणी पुष्कळदा अडखळते; कत्तल कशी झाली हे तर कोणतीच चाचणी सांगू शकत नाही. तेव्हा हलाल घटकाची जी जादा किंमत मोजली जाते, ती मुख्यतः कागदपत्रांच्या अखंड साखळीची असते. या कटकटीतून सुटण्यासाठी माशांचे जिलेटिन आले, आणि वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेली एचपीएमसीची कवचेही आली. ती महाग पडतात, पण मुसलमान, ज्यू, जैन आणि शाकाहारी हिंदू अशा सर्वांना एकदमच चालतात.

या बाजाराचे आकडे वाचताना थोडी सावधगिरी हवी. २०२१ मध्ये जगातील मुसलमानांनी अन्नावर सुमारे १.२७ लाख कोटी डॉलर खर्च केले, असा एक बहुचर्चित अंदाज आहे. पण यात घरच्या भाजीभाकरीचाही हिशेब आला. प्रमाणपत्रासह विकल्या जाणाऱ्या मालाची उलाढाल ती नव्हे. दुसरी गंमत अशी, की हलाल मांसाच्या मोठ्या निर्यातदारांत ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया आहेत. मलेशियाने १९७० च्या दशकातच सरकारी प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला आणि २०१२ मध्ये हलाल औषधांसाठी स्वतंत्र मानक काढले. इंडोनेशियाने २०१४ मध्ये कायदा करून हलाल प्रमाणन सक्तीचे ठरवले. ही सक्ती टप्प्याटप्प्याने असून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांना २०३४ पर्यंत मुदत आहे. भारतीय औषध कंपन्यांना याची दखल घेणे भाग आहे. मात्र हे प्रमाणपत्र मूळ स्रोताविषयी बोलते. औषधाचा गुण त्याने सिद्ध होत नाही, हे आपण विसरू नये.

खरी किंमत मोजली गेली ती लसीकरणात. इंडोनेशियाने २०१७ मध्ये जावा बेटावर गोवर-रुबेलाची मोहीम काढली आणि ती उत्तम पार पडली. २०१८ मध्ये ती इतर बेटांवर गेली, तेव्हा लस हलाल आहे का, असा प्रश्न उठला. लस होती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. ऑगस्ट २०१८ मध्ये उलेमा परिषदेने निर्णय दिला, की उत्पादनात डुकरापासूनचे घटक वापरले आहेत. तथापि दुसरी लस उपलब्ध नसल्याने आणि रोग धोक्याचा असल्याने ती घेण्यास मुभा आहे. लोकांच्या मनात पहिले वाक्य राहिले, दुसरे राहिले नाही. ९५ टक्क्यांचे उद्दिष्ट जावाबाहेर फार मागे पडले; आचे प्रांतात तर अगदीच थोड्या मुलांना लस मिळाली. गर्भवतीला रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांचे, कानांचे आणि हृदयाचे काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे.

धर्मशास्त्रात याला उत्तर नव्हते असे नाही. १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामी वैद्यक संस्थेच्या परिषदेत विद्वानांनी असे मत दिले, की मूळ पदार्थाचे पूर्ण रूपांतर झाले तर जिलेटिन ग्राह्य आहे. मद्याचा शिरका झाला की तो चालतो, त्याच न्यायाने. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्व भूमध्य विभागाने हे मत पत्राने प्रसृतही केले. सर्वांना ते मान्य नाही. मात्र हे मत रुग्णाला सांगायचे तर त्याच्या विश्वासातील धर्मगुरूने सांगावे. आपण डॉक्टरांनी मुफ्ती होण्याचा प्रयत्न केल्यास हसे होते आणि विश्वासही जातो.

आपले काम त्याआधीचे आहे. रुग्ण पुष्कळदा विचारीत नाही. घरी जाऊन कॅप्सूल उघडतो, कवच फेकतो आणि पूड पाण्यातून घेतो. ओमेप्राझोलचे दाणे अशा वेळी चिरडले गेले, तर जठरातील आम्लात औषध वाया जाते. डॉक्सीसायक्लिनची पूड अन्ननलिकेला लागली तर व्रण होऊ शकतो. दोन्ही औषधे गोळीच्या रूपात मिळतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. हेपॅरिन प्रामुख्याने डुकराच्या आतड्यातून येते, एनॉक्सापॅरिनही त्याच हेपॅरिनपासून होते. काही रुग्णांना पूर्णतः कृत्रिम असलेले फॉन्डापॅरिनक्स देता येते, मूत्रपिंडे ठीक असतील तर. स्वादुपिंडाच्या जुनाट विकारात द्यावयाचे पॅन्क्रिएटिन मात्र बहुतेक डुकराचेच असते आणि तितका गुणकारी पर्याय सहज मिळत नाही. तेथे हे स्पष्ट सांगून निर्णय रुग्णावर सोपवावा लागतो. इन्शुलिनच्या बाबतीत ही अडचण १९८२ पासून, मानवी इन्शुलिन बाजारात आल्यावर, ओसरत गेली.

खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण आता आपल्या अंगवळणी पडली आहे. औषधाच्या पट्टीवर अशी खूण क्वचितच दिसते. माझ्या दवाखान्यात ॲलर्जीच्या प्रश्नाखालीच ‘कोणता पदार्थ वर्ज्य आहे काय?’ अशी एक ओळ काही काळापासून केसपेपरवर छापली आहे. मुसलमान रुग्णांकडून उत्तरे येतील अशी अपेक्षा होती, ती आलीच. पण त्यांच्याइतक्याच आवर्जून ती ओळ भरून दिली ती आमच्या गल्लीतल्या जैन आजींनी आणि माळकरी काकांनी. त्यानंतर नेहमीच्या कॅप्सूलांची यादी करून मी कंपन्यांना पत्रे लिहिली. काहींनी कवचाचा स्रोत लेखी कळवला. उरलेल्यांना दुसरे स्मरणपत्र धाडले आहे.