कोको सल्ला : सावली हवी, दाटी नको


नारळ-सुपारीत कोको लावला असेल, तर पावसात फळं रोज बघा. तपकिरी डाग पसरत जाऊन फळ काळं पडलं, तर ती फळकूज समजा.

१) असं फळ कात्रीने कापा, ओढू नका, त्याच जागी पुढची फुलं येतात. कापलेलं फळ बागेबाहेर खोल पुरा. हीच जात असलेली बुरशी नारळाचा कोंबही कुजवते.

२) कोकोला अर्धी सावली पुरते. आतल्या दाट फांद्या काढून वारा खेळू द्या. पाणी साचू देऊ नका.

३) उघडीप मिळताच १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा.

जोडपिकापायी नारळ गमावू नका. शंका आली तर फळाचा फोटो ग्रुपवर टाका.