पडद्यावरचा उजेड जातो कुठे?

वऱ्हाडातल्या कापसाचे धोतर आणि लुगडे तुमच्या ओळखीचे आहे. अशाच सुती कापडावर एकेकाळी जत्रेतल्या फिरत्या सिनेमाचे चित्र पडे. तंबूत मधोमध पडदा ताणलेला, काही प्रेक्षक पुढे, काही चक्क मागे! मागच्यांना अक्षरे उलटी दिसत आणि नायक डावखुरा. पण एकच चित्र दोन्हीकडे दिसे, ते कसे?

कापसाचा सुटा तंतू जवळजवळ पारदर्शक असतो. त्याचा वक्रीभवनांक सुमारे १.५५, हवेचा १. त्यामुळे तंतूवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी ४ ते ५ टक्के परत फिरतो. कापडात असे असंख्य पृष्ठभाग, तेही वेडेवाकडे. म्हणून बराच प्रकाश पुढे विखुरतो, उरलेला पलीकडे निसटतो.

आता एक प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत मांजरपाटाचा तुकडा टांगा, अर्धा भिजवा आणि त्यावर विजेरीचा झोत टाका. ओला भाग पुढून काळपट दिसेल, पण मागून पाहाल तर तोच अधिक उजळ! तंतूंमधल्या हवेची जागा आता पाण्याने घेतली. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, म्हणजे कापसाच्या बराच जवळचा. परावर्तन जेमतेम अर्ध्या टक्क्यावर येते. सिनेमाच्या आरंभकाळी मागून चित्र टाकताना पडदा ओला करीत, तो याचसाठी.

वर्गात आपण चित्र पुढून पाहतो. तेथे पलीकडे गेलेला उजेड वायाच. म्हणून कापड दुहेरी घ्यावे. चुन्याची सपाट भिंत त्याहून बरी. तेलरंगाची चकचकीत भिंत मात्र नको, तिच्यात दिव्याचाच डाग चमकतो.

चंदेरी पडद्यावर अॅल्युमिनियमच्या भुकटीचा लेप असतो. तो समोरच्यांना दुप्पट उजळ चित्र देऊ शकतो. हा जादा उजेड येतो कुठून? कडेच्या बाकांच्या वाट्यातून! पडदा स्वतः उजेड निर्माण करीत नाही, फक्त वाटतो. रुंद वर्गासाठी साधा, निस्तेज पांढरा पडदाच मला योग्य वाटतो.

आणि चित्रातला काळा रंग? प्रोजेक्टर काळा प्रकाश टाकू शकत नाही. तेवढी जागा तो कोरी सोडतो. अकोल्याच्या वैशाखातले ऊन खिडकीतून तेथे पडले की काळे केस राखाडी दिसणारच. तेव्हा गुरुजींनी नव्या पडद्याचे पैसे काढण्याआधी खिडक्यांना जाड घोंगडी लावून पाहावी.