डोळे चांगले, तरी दिसेना

आमच्या रात्रीच्या वर्गात एक गवंडी येत असे. शिकण्याची मोठी हौस. एके दिवशी तो परांचीवरून पडला. डोक्याला मार बसला. खोक लहान होती, ती लवकर भरली. सगळे म्हणाले, "थोडक्यात वाचला!"

पण पुढे वर्गात आला, की तो दिव्याकडे पाठ करून बसे. वाचताना ओळ सुटे. एका अक्षराची दोन दिसत. घटकाभरात डोके ठणके. डॉक्टरांनी डोळे तपासले. ते म्हणाले, "डोळ्यांत दोष नाही." मग काय! घरचे म्हणू लागले, "सोंग करतोय." आम्हीही त्याला सर्वांदेखत बोललो. ती आमची चूक होती.

कशी, ते पाहा. पाहणे हे एकट्या डोळ्यांचे काम नाही. डोळा उजेड आत घेतो. त्याची खबर नसेतून मेंदूकडे जाते. डोक्याच्या मागच्या बाजूचा मेंदू तिचा अर्थ लावतो. १९०४-०५ साली रशिया व जपान यांचे युद्ध झाले. त्यातले जखमी सैनिक तात्सुजी इनोउये या जपानी डॉक्टरांनी तपासले. गोळी डोक्याच्या मागे लागलेली, डोळे शाबूत. तरी समोरचा काही भाग त्यांना दिसत नसे!

दोन्ही डोळे एका जागी वळवणे, उजेड सोसणे, हेही मेंदूच सांभाळतो. त्याला हिसका बसला, की हे सारे बिघडते.

मग करावे काय? उन्हात टोपी व काळा चष्मा घालावा. घरात मात्र दिवसभर काळा चष्मा नको. सदा अंधारात बसू नये. त्याने उजेड अधिकच सोसेनासा होतो. थोडे वाचावे, थोडे थांबावे. मोबाईल कमी पाहावा. बहुतेकांना काही आठवड्यांत बरे वाटते; काहींना महिने लागतात. त्रास राहिला, तर डॉक्टरांना डोक्याच्या माराची हकीकत जरूर सांगावी.

मात्र मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, झटके, वाढती डोकेदुखी, लहानमोठ्या बाहुल्या, किंवा एकाची दोन दिसणे, यांतले काहीही झाले, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा.

आम्ही त्या गवंड्याची माफी मागितली. दिवा त्याच्या मागे ठेवला. ओळीखाली धरायला कागदाची पट्टी दिली. आता तो सावकाश वाचतो, पण वाचतो.

प्रश्न : डोळे चांगले असूनही गवंड्याला नीट का दिसेना? तुमच्या ओळखीत असे कोणी आहे का?